पेशींचा शेजार

‘ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला’ ही म्हण आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. शेजारच्या बैलाचा रंग लागत नाहीं, खोड मात्र लागते, एवढाच तिचा अर्थ. आणि बहुधा ती एखाद्या बिघडलेल्या मुलाला उद्देशून म्हटली जाते. पण हीच म्हण आपल्या शरीरांतील सूक्ष्म पेशींनाही अक्षरशः लागू पडते, असें गेल्या शंभराहून अधिक वर्षांच्या शास्त्रीय इतिहासावरून दिसून येतें. श्रोतेहो, तो इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे. मी शास्त्रज्ञ नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकून आयुष्यभर मुलांना शिकविणारा एक शाळामास्तर आहें. परंतु हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा नाहीं. आपण जें औषध घेतों तें प्रथम कशावर पारखलें जातें, हा प्रश्न प्रत्येक घराचा आहे.

शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून वाढविण्याच्या विद्येला पेशीसंवर्धन म्हणतात. तिचा खरा आरंभ १९०७ सालीं झाला, असें मानण्याचा प्रघात आहे. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत रॉस हॅरिसन हे अध्यापक होते. मज्जातंतु कसा तयार होतो याविषयीं त्या काळीं विद्वानांत मोठा वाद चालला होता. अनेक पेशी एकापुढें एक जुळून तो बनतो, असें कोणी म्हणत. तर एकाच पेशींतून तो कोंभासारखा फुटतो, असें कोणी प्रतिपादीत. हॅरिसन यांनीं बेडकाच्या गर्भांतील मज्जेचा एक कण बेडकाच्याच लसिकेच्या थेंबांत ठेवला आणि तो थेंब कांचेच्या पातळ चकतीखालीं लोंबत ठेवला. थेंब गोठला, आणि त्या गोठलेल्या लसिकेच्या आधारानें कोंभ फुटून वाढतांना त्यांना सूक्ष्मदर्शकांतून प्रत्यक्ष दिसला. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें खरें ठरलें.

त्याच वर्षीं एच. व्ही. विल्सन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञांनीं आणखी एक चमत्कारिक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं समुद्रांतील जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडांतून दाबून काढला. त्याच्या पेशी सुट्या होऊन पाण्यांत पडल्या. त्या मेल्या नाहींत. सरकत सरकत एकमेकींना चिकटल्या, त्यांचे गोळे झाले, आणि त्या गोळ्यांतून पुन्हां स्पंज तयार झाला. पेशी ही एकटीदुकटी वस्तु नव्हे, तिला शेजार हवा, ही गोष्ट या विद्येच्या पहिल्याच वर्षीं अशी डोळ्यांसमोर आलेली होती. मग ती मागें कां पडली? ती मागें पडली सोयीमुळें.

१९१६ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत पेटन राउस व त्यांचे सहकारी जोन्स यांनीं ट्रिप्सिन या पाचक द्रव्याच्या साहाय्यानें संवर्धनांतील पेशी एकमेकींपासून सोडविण्याची युक्ति काढली. अशा सुट्या पेशी बशीच्या तळावर पसरल्या कीं त्यांचा एकेरी, सपाट थर होतो. प्रत्येक पेशी स्पष्ट दिसते, मोजतां येते, आणि अन्न व औषध सर्वांना सारखेंच मिळतें. वर्गांत मुलें रांगेनें बाकांवर बसविलीं म्हणजे हजेरी घेणें सोपें जातें, तसाच हा प्रकार. पण बाकावर बसलेला मुलगा म्हणजे संपूर्ण मुलगा नव्हे. तो घरीं भावंडांत कसा वागतो, हें हजेरीपटावरून कळत नाहीं.

या विद्येचे आपल्यावर थोर उपकार आहेत, हें मात्र मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. १९४९ सालीं एंडर्स, वेलर व रॉबिन्स यांनीं पोलिओचा विषाणु मज्जासंस्थेबाहेरील पेशींच्या संवर्धनांत वाढवून दाखविला आणि लसीचा मार्ग मोकळा केला. १९५४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. १९५१ सालीं बाल्टिमोर येथें हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगांतून घेतलेल्या पेशी जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत अखंड वाढूं लागल्या. ‘हेला’ या नांवानें त्या आजही जगभर वाढत आहेत. त्या बाईंना न विचारतांच त्या घेतल्या गेल्या होत्या, आणि त्या बाई त्याच वर्षीं निवर्तल्या, ही गोष्टही इतिहासाच्या वहींत नोंदलेली आहे.

या कथेंत महाराष्ट्राचाही एक धागा गुंफलेला आहे. पुण्यास १९१७ सालीं जन्मलेल्या आणि हुजूरपागा व फर्गसन कॉलेज येथें शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं जॉर्ज गाय यांच्याच प्रयोगशाळेंत या विद्येचा अनुभव घेतला. परत आल्यावर मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्यें त्यांनीं भारतांतील पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली, आणि उंदरांतील स्तनांच्या कर्करोगाचा दीर्घकाळ अभ्यास केला. १९८२ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें.

परंतु सोयीचा एक स्वभाव आहे: ती हळूहळू सत्याच्या आसनावर जाऊन बसते. याचें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. नोबेल पारितोषिक मिळविणारे प्रख्यात शल्यविशारद अलेक्सिस कॅरेल यांनीं १९१२ सालीं कोंबडीच्या गर्भाच्या हृदयांतील पेशी बशींत वाढविण्यास घेतल्या. तें संवर्धन १९४६ पर्यंत चालू ठेवण्यांत आलें, आणि शरीराबाहेर ठेवलेली पेशी अमर असते, असा समज रूढ झाला. १९६१ सालीं फिलाडेल्फियाच्या हेफ्लिक व मूरहेड यांनीं दाखवून दिलें कीं, मनुष्याच्या सामान्य पेशी सुमारें ५० वेळां दुभंगून थांबतात. कॅरेल यांच्या बशींत अन्न म्हणून घातल्या जाणाऱ्या गर्भरसांतून नव्या पेशी नकळत जात असाव्यात, असा तर्क पुढें करण्यांत आला. जवळजवळ ५० वर्षें एका बशीचें वर्तन हा शरीराचा नियम समजला गेला होता!

सर्वच संशोधक या सपाट वाटेनें गेले असें मात्र नाहीं. इंग्लंडमध्यें केंब्रिज येथें ऑनर फेल या विदुषींनीं पेशी सुट्या न करितां कोंबडीच्या गर्भांतील हाडाचा संबंध अंकुरच कांचेच्या लहान वाटींत वाढविला. १९२९ पासून १९७० पर्यंत त्या तेथील स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेच्या संचालिका होत्या. त्यांच्या वाटींतील अंकुराला हाडाचा आकार येई. बशींतील सुट्या पेशींना तो कधींच येत नसे. पेशी त्याच, पण शेजार राहिला तर घडण राहते, हा बोध त्यांत होता.

या बोधाला सिद्धांताचें रूप देण्याचें श्रेय मुख्यतः मीना बिसेल यांचें. त्या मूळच्या इराणांतील तेहरानच्या. पुढें कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंत त्यांनीं आयुष्य वेंचलें. पेशीच्या अंतरंगांत जीं जनुकें असतात तींच तिचें सर्व भवितव्य ठरवितात, असें त्या काळीं बहुतेकांचें मत होतें. पेशीच्या भोंवतालचें प्रथिनांचें जाळें हा केवळ सांगाडा नसून तें जनुकांनाही आज्ञा देतें, असें १९८२ सालीं बिसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मांडलें. अनेकांना तें पटलें नाहीं. तेव्हां वादापेक्षां प्रयोग बरा, असा मार्ग त्यांनीं धरिला.

कोंबड्यांना कर्करोग करणारा एक विषाणु पेटन राउस यांनीं १९११ सालींच शोधून काढला होता. कोंबडीला तो टोंचला तर गांठ येते. पण १९८४ सालीं बिसेल व डोलबर्ग यांनीं दाखविलें कीं, तोच विषाणु अगदीं लहान गर्भाला टोंचला असतां गांठ येत नाहीं. मात्र त्या गर्भांतील पेशी सुट्या करून बशींत ठेविल्या कीं त्या कर्करोगाच्या पेशींसारख्या वागूं लागतात. रोगाचें बीज आंत होतेंच. गर्भाच्या शेजारानें तें दाबून धरलें होतें, आणि शेजार मोडतांच तें उफाळून आलें.

पुढचा प्रयोग दुधाचा. उंदराच्या स्तनांतील पेशी सपाट बशींत ठेविल्या तर दूध करावयाचें विसरतात. परंतु पेशींच्या तळाशीं शरीरांत जें प्रथिनांचें पातळ अस्तर असतें, त्यासारख्या मऊ जेलीवर त्या ठेविल्या, तेव्हां त्यांनीं मध्यें पोकळी असलेले लहान गोल रचले आणि त्या पोकळींत त्या दुधांतील प्रथिनें सोडूं लागल्या. हें बिसेल यांच्या प्रयोगशाळेनें १९८९ सालीं प्रसिद्ध केलें. लांबी, रुंदी आणि खोली या तिन्ही मिति परत मिळतांच पेशीला आपला धर्म आठवला. यालाच आज त्रिमिति संवर्धन म्हणतात.

तिसरा प्रयोग सर्वांत मोलाचा. १९९२ सालीं डेन्मार्कचे ओले पेटरसन व बिसेल यांनीं दाखविलें कीं, स्त्रीच्या स्तनांतील निरोगी पेशी जेलींत सुबक गोल करून वाढ थांबवितात, आणि कर्करोगाच्या पेशी वेड्यावांकड्या वाढतच राहतात. सपाट बशींत मात्र दोघींतील हा भेद नीट ओळखूं येत नाहीं. १९९७ सालीं व्हॅलरी वीव्हर, बिसेल व सहकाऱ्यांनीं, पेशी ज्या प्रथिनाच्या द्वारें भोंवतालाशीं बोलते त्या एका प्रथिनाची वाट प्रतिपिंडानें अडविली. तेव्हां त्याच कर्करोगी पेशी सुबक गोल करून शांत बसल्या. त्यांच्यांतील बिघडलेलीं जनुकें होतीं तशींच होतीं. वाण पालटला नाहीं, गुण पालटला. आमची म्हण बैलांविषयीं होती. प्रयोगानें ती पेशींविषयीं खरी केली.

औषधांच्या पारखीशीं याचा संबंध काय, तें आतां पाहूं. १९७१ सालीं कॅनडांत सदरलँड व सहकाऱ्यांनीं पेशींचे लहान गोळे वाढवून त्यांचा गांठीसारखा अभ्यास केला. अशा गोळ्यांत बाहेरच्या पेशी जोरानें वाढतात, तर आंतल्या प्राणवायूवांचून मंदावतात किंवा मरतात. सपाट थरांत औषध प्रत्येक पेशीला भेटतें. गोळ्याच्या गाभ्यापर्यंत तें पोंचेलच असें नाहीं, आणि मंदावलेल्या पेशी वाढत्या पेशींवरील औषधाला दाद देत नाहींत. म्हणून बशींत यशस्वी ठरलेलें औषध रुग्णाच्या गांठीपुढें हात टेकतें.

यानंतरची मजल अवयवांच्या प्रतिकृतींची. १९०७ च्या स्पंजाप्रमाणेंच योग्य आधार व पोषण मिळालें तर पेशी आपण होऊन रचना करितात. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथें हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेंत तोशिरो सातो यांनीं २००९ सालीं उंदराच्या आंतड्यांतील एका मूळ पेशीपासून आंतड्याचीच सूक्ष्म प्रतिकृति वाढविली. २०१३ सालीं व्हिएन्ना येथें मॅडलिन लँकास्टर व युर्गेन नोब्लिश यांनीं मेंदूच्या आरंभींच्या घडणीची प्रतिकृति केली. याचा रुग्णाला झालेला उपयोग पाहण्यासारखा आहे. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगांत पेशींतून क्षार व पाणी जाण्याची वाट बिघडते. उट्रेख्टच्या संशोधकांनीं २०१३ सालीं दाखविलें कीं, निरोगी माणसाच्या आंतड्याची प्रतिकृति विशिष्ट द्रव्य घालतांच पाण्यानें फुगते, रोग्याची फारशी फुगत नाहीं; आणि औषध लागू पडणार असेल तर रोग्याचीही फुगते. ज्यांच्या रोगाचा प्रकार इतका विरळ कीं त्यांच्यासाठीं मोठी चाचणी घेणें अशक्यच, अशांसाठीं त्यांच्याच पेशींना विचारून औषध निवडण्याचा मार्ग यामुळें खुला झाला.

कायद्यानेंही या विद्येची दखल घेतली आहे. अमेरिकेंत १९३८ च्या कायद्याखालीं नव्या औषधाच्या सुरक्षिततेसाठीं प्राण्यांवरील चाचणी ही अटच होऊन बसली होती. डिसेंबर २०२२ मध्यें त्या कायद्यांत दुरुस्ती होऊन अशा प्रतिकृतींवरील पुरावाही ग्राह्य ठरला. भारतानें मार्च २०२३ मध्यें आपल्या नियमांत तसाच बदल केला.

येथें एक इशारा देणें मला आवश्यक वाटतें. नव्या साधनाचें कौतुक करतांना जुनीच चूक पुन्हां होण्याचा संभव असतो. सामान्यतः या प्रतिकृतींना रक्तवाहिन्या नसतात, म्हणून त्या वाटाण्याहून फारशा मोठ्या होत नाहींत. आंतड्याच्या प्रतिकृतीशेजारीं यकृत नसतें, आणि पुष्कळ औषधांचें रूप यकृतांत बदलतें. शिवाय ज्या जेलींत त्या वाढतात तिचा नित्याचा प्रकार उंदराच्या गांठींतूनच काढलेला असतो. तेव्हां प्राणिहत्येवांचून सर्व कांहीं झालें, असें म्हणणें अद्याप खरें नाहीं. सपाट बशी हें शरीर नव्हतें, तसाच हा गोलही शरीर नव्हे. तो शरीराच्या अधिक जवळ आहे, इतकेंच. पण या ‘इतकेंच’मध्यें कित्येक रुग्णांचें जीवित सांठविलेलें आहे.

म्हणून श्रोतेहो, ‘प्रयोगशाळेंत अमुक औषधानें कर्करोगाच्या पेशी मारल्या’ अशी वार्ता वर्तमानपत्रांत वाचाल, तेव्हां लगेच आशेनें उसळूं नका आणि ती थट्टेवारीही नेऊं नका. एकच प्रश्न विचारा: त्या पेशी कोणत्या शेजारांत होत्या? सपाट बशींत एकट्या पसरलेल्या, जेलींत गोल करून बसलेल्या, कीं प्रत्यक्ष माणसाच्या शरीरांत? घरांत कोणी आजारी असतां अशा वार्तेवर पैसा आणि भरंवसा खर्च होतो. तो खर्च करण्यापूर्वीं हा प्रश्न डॉक्टरांपुढें ठेवण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.