एक आदेश, दोन जाळी

२६ सप्टेंबर २०२१ रोजी राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षा झाली. गैरप्रकार रोखण्यासाठी जयपूरसह अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद ठेवण्यात आले. ब्रॉडबँड मात्र चालू राहिले. हा भेद शक्य झाला तो दोन जाळ्यांच्या वेगळ्या घडणीमुळे. इंटरनेटचे नियम कोणालाही सहभागी होता येईल अशा खुल्या चर्चेतून घडले. त्याची बुद्धी टोकाच्या संगणकांत असते. मोबाइलचे जीएसएम मानक युरोपातील दूरसंचार प्रशासनांनी १९८२ पासून आखले. तेथे सिमकार्डाची ओळख कंपनीच्या केंद्रात पटवली जाते. परवानाधारक कंपन्या मोजक्याच असल्याने आदेश तत्काळ अमलात येतो. परंतु ज्याच्या घरी तार पोहोचलेली नाही, त्याच्यासाठी मोबाइल हेच इंटरनेट होय. आदेशावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.