तीन कुळांचा दगड

1834 साली बव्हेरियातल्या योहान नेपोमुक फुक्स या खनिजशास्त्रज्ञाने एका करड्या, निळसर झाक असलेल्या दगडाचं बारसं केलं. त्या नावाचं आजचं रूप ट्रायफायलाइट. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'तीन कुळं'. लोखंड, मँगनीज आणि लिथियम ही तिन्ही घराणी त्या फॉस्फेटच्या दगडात एकत्र नांदत होती. लिथियम तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचं. स्वीडनच्या आर्फवेडसन यांना ते 1817 मध्ये सापडलेलं. पुढे दीडशेहून अधिक वर्षं या दगडाकडे बॅटरीवाल्या कुणाचं लक्ष गेलं नाही. आज मात्र विजेवरच्या बसपासून घरातल्या लिथियम इन्व्हर्टरपर्यंत असंख्य बॅटऱ्यांच्या धनाग्रावर त्याचाच प्रयोगशाळेत घडवलेला वारस बसलेला आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजेच बाजारात ज्याला 'एलएफपी' म्हणतात ते.

त्याच्या आधीची पिढी कोबाल्टची. 1980 मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणलं, जपानच्या अकिरा योशिनो यांनी त्याला कार्बनच्या ऋणाग्राची जोड दिली आणि 1991 मध्ये सोनीने ती बॅटरी बाजारात उतरवली. आपले मोबाइल आणि लॅपटॉप त्यातूनच आले. पण कोबाल्ट ऑक्साइड फार तापलं की आपल्यातला ऑक्सिजन सोडू लागतं. सेलमधलं द्रावण ज्वलनशील, त्यात उष्णता आहेच, आणि वर ऑक्सिजनही घरचाच. मग ही आग हवा कोंडून सहजी विझत नाही.

गुडइनफ पंचाहत्तरीला टेकले होते तेव्हा, 1997 मध्ये, टेक्सास विद्यापीठातून एक शोधनिबंध आला. सोबत ए. के. पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं. ट्रायफायलाइटच्या घडणीचं लोह फॉस्फेट लिथियमला आत घेतं आणि बाहेरही सोडतं, हे त्यांनी दाखवून दिलं. इथे फॉस्फरसने ऑक्सिजनचा हात इतका घट्ट धरलेला असतो की पदार्थ तापला तरी तो सहसा सुटत नाही. कोबाल्टसारखा महागडा धातूही लागत नाही. लोखंड आणि फॉस्फेट पुरतं.

तरीही पहिल्या नमुन्यांतून जेमतेम साठ टक्के लिथियम ये-जा करायचं, तेही अगदी सावकाश. एक तर हा पदार्थ विजेचा फारच वाईट वाहक. दुसरं म्हणजे लिथियमला आत शिरायला एकाच दिशेचे अरुंद बोळ. पुण्याच्या तुळशीबागेतल्या गर्दीत एखादी हातगाडी अडकली की मागचे सगळे खोळंबतात, तसंच इथे एखादा अणू चुकीच्या जागी बसला की अख्खा बोळ बंद.

यावर काढलेला उपाय मला या सगळ्या कहाणीत सर्वांत लोभस वाटतो. 1999 च्या सुमारास माँट्रियलला नताली रावे, मिशेल आरमाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भुकटीच्या कणांवर कार्बनचा थर चढवला आणि त्यासाठी वापरली चक्क साखर. पातेल्यात पाक करपला की तळाशी काळा थर धरतो, तो आपण राख-काथ्याने घासत बसतो. तोच प्रकार हवा काढून टाकलेल्या भट्टीत घडवला की करड्या भुकटीच्या प्रत्येक कणाला काही नॅनोमीटर जाडीचं काळं अस्तर लागतं. वीज त्या अस्तरावरून धावते. पुढे कणही नॅनोच्या मापाचे झाले. लिथियमला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कण दहापट लहान केला की प्रवास शंभरपट लवकर होतो. नॅनोतंत्रज्ञान हा शब्द जाहिरातींनी झिजवून टाकलाय, पण इथे त्याने खरंखुरं काम केलं. मूळ पदार्थ न बदलता त्याचं वैगुण्य दूर केलं.

अमेरिकेत एमआयटीच्या परिसरातून निघालेल्या ए123 सिस्टिम्स या कंपनीने हे सेल विकले. 2012 मध्ये तिचं दिवाळं निघालं आणि ती चिनी मालकीची झाली. मोठं उत्पादन उभं केलं ते चीननेच. 2020 मध्ये तिथल्या बीवायडी कंपनीने एलएफपीच्या सेलमधून आरपार खिळा घालूनही आग लागत नाही, हे जगाला दाखवलं.

आपल्याकडे 2022 मध्ये पुण्यासह अनेक शहरांत विजेवरच्या स्कूटरी पेटल्या, माणसंही दगावली. त्यानंतर बॅटरीसाठीचं एआयएस-156 हे मानक कडक झालं. ही मानकं प्रसिद्ध होतात पुण्याच्याच एआरएआय या संस्थेतून. एलएफपी म्हणजे अग्निरोधक असं मात्र कुणी समजू नये. आतलं द्रावण अजूनही जळतंच, आणि जोडणी किंवा नियंत्रण करणारं सर्किट निकृष्ट असेल तर चांगला सेलही वाचवू शकत नाही.

वजनाच्या मानाने एलएफपी बॅटरीत वीज कमी मावते, हीही खरी उणीव. ती भरून काढायला आता लोखंडाच्या काही जागी मँगनीज घालतात, त्याने व्होल्टेज वाढतं. फुक्स यांच्या दगडातलं तिसरं कुळ असं घरी परतलंय.

नवी स्कूटर किंवा इन्व्हर्टर घ्यायला जाल तेव्हा किती किलोमीटर चालते, किती तास पुरते, एवढंच विचारून थांबू नका. आत कोणती बॅटरी आहे, एलएफपी की दुसरी, हे विचारा. गाडी असेल तर एआयएस-156 चाही दाखला मागा, आणि दुकानदाराला सांगता आलं नाही तर दुसरं दुकान बघा.