१९६४ : हिमाविना हिवाळी ऑलिम्पिक आणि भारताचा एकटा स्कीपटू #थ्रेड

उन्हाळ्यात देहरंग धरणाचा साठा आटू लागला की पनवेलच्या वस्त्यांत टँकरच्या फेऱ्या सुरू होतात. १९६४ च्या जानेवारीत ऑस्ट्रियातील इन्सब्रुक शहरावर अशीच वेळ आली होती; तेथे टंचाई होती ती हिमाची. भारताच्या हिवाळी ऑलिम्पिकचा इतिहास याच टंचाईत सुरू होतो.

नवव्या हिवाळी ऑलिम्पिकचे उद्घाटन २९ जानेवारीला ठरले होते. आल्प्सचे उतार मात्र उघडेच. अखेर ऑस्ट्रियाच्या सैन्याला पाचारण करण्यात आले. सैनिकांनी उंच पर्वतांतून बर्फाच्या २०,००० लाद्या आणून बॉबस्ले व ल्यूज या घसरगाड्यांच्या मार्गांवर रचल्या. स्कीच्या उतारांसाठी ४०,००० घनमीटर हिम वाहून आणले. उद्घाटनाला दहा दिवस उरले असताना पाऊस कोसळला. सैनिकांनी मग हातापायांनी हिम दाबून उतार पुन्हा घट्ट केले.

येथे हिम आणि बर्फ यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. भुसभुशीत हिमाचा जाड थर पडणाऱ्याला झेलतो, त्याचा वेग कमी करतो. दाबून घट्ट केलेली पट्टी गोठली की काचेसारखी होते; आणि त्या पट्टीबाहेर पाऊल पडले तर खाली उघडी जमीन, खडक, झाडे.

सराव सुरू झाला आणि उद्घाटनापूर्वीच दोन खेळाडूंचे प्राण गेले. ब्रिटनचा, जन्माने पोलिश असलेला ल्यूजपटू काझिमिएर्झ के-स्क्रझिपेत्स्की सरावातील अपघातात दगावला. २५ जानेवारीला पाचरकोफेल पर्वतावरील डाउनहिलच्या मार्गावर ऑस्ट्रेलियाचा १९ वर्षांचा रॉस मिल्न वाटेत थांबलेल्या इतर स्कीपटूंना चुकवताना मार्गाबाहेर गेला आणि झाडावर आदळला.

अधिकाऱ्यांकडून बोट दाखवले गेले ते खेळाडूंच्या अननुभवाकडे. हा आरोप केवळ एका तरुणावर नव्हता. आल्प्सबाहेरून येणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या पात्रतेवरच ते प्रश्नचिन्ह होते. ऑस्ट्रेलियन पथकाला ते मान्य नव्हते: जेथे थांबण्याची वा वळण्याची सोयच केलेली नव्हती, तेथे मिल्नला वेग आवरावा लागला, असे पथकप्रमुखांचे म्हणणे होते. पथकाची बाजू अधिक पटणारी आहे. डिसेंबर १९६९ मध्ये रॉसचाच धाकटा भाऊ माल्कम याने फ्रान्समधील व्हाल दिझेर येथे विश्वचषक मालिकेतील डाउनहिल शर्यत जिंकली. ‘अननुभवी’ देशाच्या, त्याच घरातल्या मुलाने!

मिल्नच्या मृत्यूनंतर पाचच दिवसांनी, ३० जानेवारीला, पाचरकोफेलवर डाउनहिलची स्पर्धा झाली. ऑस्ट्रियाचा एगॉन झिमरमान विजयी झाला. याच शर्यतीत भारतातर्फे जेरेमी बुयाकोव्स्की उतरला होता. त्याचा जन्म १९३९ सालचा, तेव्हा पोलंडमध्ये आणि आज लिथुआनियात असलेल्या ड्रुस्किनिंकाई गावचा. हिवाळी ऑलिम्पिकमधील भारताचा हा पहिला खेळाडू, आणि त्या वर्षीचे भारताचे पथक म्हणजेही तो एकटाच. त्याला शर्यत पूर्ण करता आली नाही. निकालपत्रकात एवढीच नोंद उरते. सैन्याने वाहून आणलेले हिम त्या नोंदीत दिसत नाही. १९६८ मध्ये ग्रनोबलला तो पुन्हा गेला, पुन्हा एकटाच.

भारतातही ही टंचाई आता ओळखीची झाली आहे. २०२५ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा २२ फेब्रुवारीला सुरू व्हायचा होता. पुरेसे हिमच नसल्याने तो पुढे ढकलावा लागला. अखेर ९ मार्चला खेळाडू उतारावर उतरले.