रविवारची पंगत

आपल्या विहारात रविवारी वंदना झाली की सतरंज्या तशाच राहतात आणि त्यांच्यावरच पंगत बसते. भात, डाळ, एखादी भाजी. कुणाच्या घरी आनंदाचा प्रसंग असेल तर खीर. लहान मुलांना आधी वाढतात. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही इतिहास असेल हे मनातही येत नाही.

रविवारचंच घ्या. मुंबईच्या गिरण्यांत आपले आजे-पणजे राबू लागले तेव्हा आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. ती मिळाली १० जून १८९० पासून. त्यासाठी झगडले ते सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे. सुट्टीच नाही तर चार घरची माणसं एकत्र बसणार कधी?

धम्मात मात्र वार नव्हता, तिथी होती. महावग्गात हकीकत आहे. इतर पंथांचे परिव्राजक पक्षाच्या आठव्या, चौदाव्या व पंधराव्या दिवशी जमत आणि लोक त्यांचा धर्म ऐकायला जात. ते पाहून राजा बिंबिसाराने तथागतांना सुचविले की आपल्या संघानेही तसेच जमावे. तथागतांनी ते मान्य केले. म्हणजे उपोसथाचा मेळावा जवळपास आठवड्याचाच झाला. त्या दिवशी अष्टशील पाळणारा उपासक दुपारनंतर जेवत नाही, म्हणून जेवण बाराच्या आत. (आपल्याकडे बारा कधी वाजून जातात ते स्वयंपाकाला बसलेल्या भगिनींनाच ठाऊक!) अन्नाच्या बाबतीत तथागतांनी भेद मानला नाही. वैशालीत आम्रपाली गणिकेचे निमंत्रण आधी आले, म्हणून लिच्छवींसारख्या मातब्बरांचे त्यांनी नाकारले.

आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला आलेले अन्न याच्या अगदी उलट होते. गावकीची कामं करायची आणि दारोदार भाकरीचे तुकडे मागायचे. वाढणारा वरून टाकणार, घेणाऱ्याने खाली पदर धरायचा. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी निक्षून सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळेपाके तुकडे घेणे सोडा. दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, चवदार तळ्याचे पाणी घेऊन लोक मंडपात परतले. गावी निघण्यापूर्वी कुणी जेवत होते, कुणी बांधाबांध करीत होते. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई गावात उठली आणि जमाव लाठ्या घेऊन मंडपात घुसला. माणसांना मारलेच, पण अन्नही मातीत मिसळले. तळ्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी सांगतो. ते मातीत गेलेलं जेवणही मुलांना सांगायला हवं.

आणखी एक पंगत मला त्याहून मोलाची वाटते, कारण ती आपल्या आपल्यातली होती. १९२० साली नागपूरला बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष राजर्षी शाहू महाराज. मध्य प्रांतात तेव्हा महारांच्याच अठरा पोटजाती होत्या. एकमेकांत उच्चनीच, रोटीबेटी बंद. दुसऱ्याने शिवलेलं पाणी चालत नाही म्हणून रडायचं आणि घरात आपणही तेच करायचं! परिषद संपल्यावर बाबासाहेबांनी या पोटजातींच्या पुढाऱ्यांना एकत्र जेवायला बसविले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २९.

मात्र सहभोजनाने सगळे भागते असे त्यांनी कधी मानले नाही. १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' या न झालेल्या भाषणात त्यांनी स्पष्ट लिहिले की एकत्र जेवण पुरेसे नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह. तारीख ठरवून, फोटो काढून झालेली सहभोजने त्या काळात पुष्कळ झाली. जेवून हात धुतले की जो तो आपापल्या आळीत. दर आठवड्याला त्याच माणसांशेजारी बसणं वेगळं. त्यात कुणाला मधुमेह आहे, कुणाचा मुलगा बेकार आहे, कोण दोन रविवार आला नाही, हे आपोआप कळतं.

मध्यंतरी पंगतीतच मी मुलांना विचारलं, आपल्या जुन्या पोटजातींची नावं सांगा. एकालाही एक नाव सांगता आलं नाही. केवढा आनंद झाला! पलीकडे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ती सगळी पाठ होती, पण कुणी तोंड उघडलं नाही. सोयरीक जुळवायची वेळ आली की मात्र 'तुमचं मूळ कुठलं, त्यातले कोण?' हा प्रश्न अजून हळूच निघतो. आणि कधीकधी तो याच सतरंजीवर, डाळभात खाता खाता निघतो.