वाट पाहायची तरी किती?

पान उघडत नाही, ते गोल चक्र फिरत राहतं, आणि आपण खुर्चीत पुढे सरकून स्क्रीनकडे डोळे लावून बसतो. अशा वेळी तीन शक्यता असतात. पलीकडच्याला उत्तर द्यायला वेळ लागतोय. किंवा आपला निरोप त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. किंवा निरोप पोचला, काम झालंसुद्धा, पण "झालं" असं सांगणारं उत्तर परतीच्या वाटेवर हरवलं. गंमत म्हणजे आपल्या बाजूने तिन्ही वेळा दिसतं ते एकच, शांतता. गावाला पत्र टाकून पोस्टमनची वाट पाहणाऱ्या आपल्या आजीला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

गेले काही दिवस मी या शांततेचा इतिहास वाचतोय. संगणकांनी कधी थांबायचं, कधी पुन्हा विचारायचं आणि कधी नाद सोडायचा हे कसं ठरत गेलं त्याचा इतिहास. आयटीतल्या मंडळींना यातलं बरंच ठाऊक असेल, त्यांनी सांभाळून घ्यावं. काका-मावशी मंडळींसाठी जरा पाल्हाळ लावणार आहे.

सुरुवात होते थेट हवाई बेटांवर. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन नावाचे प्राध्यापक होते (समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळायचा षौक, हवाईत जाण्यामागचं एक कारण तेच). वेगवेगळ्या बेटांवरच्या टर्मिनलांना मुख्य संगणकाशी जोडायचं होतं आणि टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. म्हणून त्यांनी रेडिओ वापरला. जून १९७१ मध्ये हे 'अलोहानेट' सुरू झालं. सगळ्यांना बोलायला मिळून एकच चॅनल. दोघे एकाच वेळी बोलले की दोघांचंही बोलणं वाया. मग कळणार कसं? तर मध्यवर्ती यंत्राने निरोप मिळाला की पोच द्यायची. ठरलेल्या वेळात पोच आली नाही तर निरोप हरवला असं समजायचं, थोडं थांबायचं आणि पुन्हा पाठवायचा.

पण किती थांबायचं? इथे खरी मेख आहे. दोघेही सारखाच वेळ थांबले तर पुन्हा एकदमच बोलणार आणि पुन्हा आपटणार. वाड्याच्या अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच बाजूला सरकत राहतात ना, तसं. म्हणून प्रत्येकाने मनाला येईल तितका, कसाही, अनियमित वेळ थांबायचं. नियम म्हणून बेशिस्त! तरीही हिशेब केल्यावर निघालं की अशा पद्धतीने चॅनलचा जेमतेम १८ टक्के भागच सत्कारणी लागतो.

पुढचा धागा बॉब मेटकाफ यांचा. हार्वर्डने त्यांचा पीएचडीचा प्रबंध आधी नाकारला होता. मग अब्रामसन यांचा निबंध त्यांच्या हाती पडला. त्यातल्या गणितात त्यांना एक गोष्ट खटकली. उत्तर येवो न येवो, लोक आपले टाइप करतच राहणार असं त्यात धरलं होतं. प्रत्यक्षात माणूस उत्तर येईपर्यंत हात थांबवतो. मेटकाफ यांनी ही वाट पाहणारी माणसं गणितात आणली आणि त्या भरीवर १९७३ मध्ये त्यांचा प्रबंध मान्य झाला. त्याच वर्षी झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात त्यांनी इथरनेटची कल्पना मांडली, आणि १९७६ साली डेव्हिड बॉग्ज यांच्याबरोबर त्यावर निबंध लिहिला. इथरनेटने अब्रामसनच्या बेशिस्तीला एक वळण दिलं. दर अपयशागणिक थांबायची मर्यादा दुप्पट करायची आणि त्या मर्यादेच्या आत कसाही आकडा निवडायचा. गर्दी वाढली की प्रत्येकजण आपण होऊन मागे सरतो. पुढे प्रमाणित झालेल्या इथरनेटमध्ये १६ प्रयत्न फसले की यंत्र सरळ हात वर करतं. सोळा हा आकडा मला का कोण जाणे फार माणुसकीचा वाटतो. :-)

आता इंटरनेटकडे येऊ. तिथे वाट पाहणं जास्त अवघड, कारण पलीकडचा शेजारच्या खोलीत आहे की पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, हे पाठवणाऱ्याला माहीत नसतं. टीसीपीच्या सप्टेंबर १९८१ च्या प्रमाणपत्रिकेत उपाय दिला होता तो असा: आजवर पोच यायला सरासरी किती वेळ लागला ते मोजत राहा, त्याच्या थोडा जास्त वेळ थांबा, आणि मग पुन्हा पाठवा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण जानेवारी १९८४ मध्ये जॉन नेगल यांनी लिहून ठेवलं होतं की वाहतूक फार वाढली तर यातून सगळं जाळंच कोलमडू शकेल.

ऑक्टोबर १९८६ मध्ये ते घडलं. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ, दोन्हींमध्ये अंतर चारशे यार्ड. त्यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. चाळीस बिट म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं. तेवढ्यात माणूस चिठ्ठी घेऊन चालत गेला असता तर आधी पोचला असता!

कुठलीही तार तुटली नव्हती, कुठलं यंत्र बंद पडलं नव्हतं. झालं होतं ते असं. वाटेतल्या रांगा वाढल्या, त्यामुळे पोच उशिरा यायला लागली. पाठवणाऱ्यांना वाटलं निरोप हरवला. त्यांनी तोच निरोप पुन्हा पाठवला. मूळ निरोप रांगेत उभाच होता, आता त्याच्या मागे त्याचंच जुळं भावंडं उभं राहिलं. रांग आणखी वाढली, पोच आणखी उशिरा, आणखी प्रती. तारांवरून वाहतूक भरभरून चालली होती, पण त्यातली बरीचशी आधीच पाठवलेल्या गोष्टींचीच. प्रत्येक यंत्र आपल्या परीने बरोबरच वागत होतं. इथे दोष द्यायला खलनायक सापडत नाही, म्हणून मला हा प्रसंग जास्त घाबरवणारा वाटतो.

त्या प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातले माइक कॅरल्स यांनी यावर काम केलं आणि जेकबसन यांचा प्रसिद्ध निबंध १९८८ मध्ये आला. त्यातली एक गोष्ट साधी आहे, पण मला ती फार आवडते. नुसती सरासरी पाहून वाट किती पाहायची ते ठरवू नका, चढउतार किती होतो तेही पाहा. रोज आठ-दहाला येणारी बस आणि कधी आठला, कधी साडेआठला येणारी बस, दोन्हींसाठी थांब्यावर सारखंच ताटकळायचं नसतं. शिवाय पोच आली नाही तर "रस्त्यात गर्दी आहे" असा अर्थ घ्यायचा, पाठवण्याचा वेग एकदम कमी करायचा आणि नंतर हळूहळू वाढवायचा.

याच सुमारास, १९८७ मध्ये, फिल कार्न आणि क्रेग पार्ट्रिज यांनी आणखी एक बारीक पण महत्त्वाची अडचण सोडवली. समजा पत्र पाठवलं, उत्तर नाही आलं, म्हणून तेच पत्र पुन्हा पाठवलं, आणि मग एक उत्तर आलं. ते पहिल्या पत्राचं की दुसऱ्याचं? कळायला मार्गच नाही. मग त्यावरून "उत्तराला किती वेळ लागतो" याचा हिशेब करायचा कसा? त्यांचं म्हणणं, करायचाच नाही. संशयास्पद माप फेकून द्या. ऑक्टोबर १९८९ मध्ये हे उपाय इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला बंधनकारक म्हणून लिहिले गेले. बंधनकारक म्हणायचं, पण तपासायला हवालदार कुणीच नाही. सगळं आपापल्या सभ्यतेवर चाललंय.

ब्राउझर आला तेव्हा हे सगळं त्याच्या पोटात आयतं होतं. पण त्याने एक नवीन पात्र आणलं, घाईतला माणूस. १९९३ च्या मोझेकमध्ये कोपऱ्यात एक पृथ्वीगोल फिरायचा आणि त्यावर टिचकी मारली की काम थांबायचं. १९९४ च्या नेटस्केपमध्ये 'स्टॉप' असं लिहिलेलं बटणच आलं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट खुलं केलं. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी मोडेमचा तो किरकिराट ऐकलाय त्यांना हे बटण आठवत असेल. मजकूर आला, चित्रं अजून एकेक ओळ उतरतायत, तिकडे टेलिफोनचं बिल वाढतंय... दाबा स्टॉप!

पण या बटणाचा अर्थ काय? एचटीटीपीच्या त्या आवृत्त्यांमध्ये "राहू द्या, नको आता" असं सांगणारा शब्दच नव्हता. ब्राउझर फक्त जोडणी तोडायचा, म्हणजे न बोलता रिसीव्हर ठेवून द्यायचा. पलीकडच्या सर्व्हरला ते बहुतेकदा उत्तर पाठवायला गेल्यावर कळायचं. तोपर्यंत त्याचं काम चालूच. म्हणजे स्टॉप दाबून थांबतं ते आपलं वाट पाहणं, त्यांचं काम थांबेलच असं नाही. आणि आपण होऊन नाद सोडायचा म्हटलं तर ब्राउझर भलताच चिवट. इंटरनेट एक्स्प्लोररच्या चौथ्या आवृत्तीत सर्व्हरच्या उत्तरासाठी पाच मिनिटं थांबायची मुदत होती, पाचव्यात आणि सहाव्यात ती साठ मिनिटं झाली! कंटाळण्याचं काम माणसावर सोपवलेलं.

माणूस कंटाळला की पुन्हा दाबतो. पान वाचायचं असेल तर बिघडत नाही, दहा वेळा मागितलं तरी तेच पान. दिव्याला "लाग" म्हणावं तसं, लागलेला असला तरी काय बिघडलं? पण दूधवाल्याला "एक लिटर जास्त द्या" असा निरोप दोनदा गेला तर घरात दोन लिटर दूध येतं. जून १९९९ च्या एचटीटीपी १.१ च्या पत्रिकेत हा फरक स्पष्ट मांडलाय. पहिल्या जातीच्या विनंत्या ब्राउझरने खुशाल पुन्हा पाठवाव्यात, दुसऱ्या जातीच्या माणसाला न विचारता पाठवू नयेत. "हा फॉर्म पुन्हा पाठवू का?" असं ब्राउझर विचारतो तो त्यामुळेच. त्याच पत्रिकेत, जोडणी मध्येच तुटली तर पुन्हा प्रयत्न करताना दरवेळी दुप्पट थांबायची इथरनेटचीच युक्ती दिली आहे. ते वाचताना जुना ओळखीचा माणूस भलत्याच लग्नात भेटावा तसं वाटलं.

आपल्याकडे ऑगस्ट २००२ पासून रेल्वेची तिकिटं नेटवर मिळू लागली, बँकाही नेटवर आल्या, आणि पैसे भरताना "रिफ्रेश किंवा बॅक दाबू नका" ही पाटी घराघरांत पाठ झाली. खरं सांगायचं तर मला ही पाटी अन्यायाची वाटते. पलीकडच्या व्यवस्थेने जी काळजी घ्यायची ती चक्राकडे बघत श्वास रोखून बसलेल्या माणसावर ढकललेली आहे. एखाद्याच्या खात्यात महिनाअखेरीला तेवढेच पैसे असतात. उपाय तर चेकबुकाइतका जुना आहे. विनंतीला आधीच एक क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर काम पुन्हा करायचं नाही, पहिल्या वेळचंच उत्तर द्यायचं. एक चेक दोनदा वटत नाही, तसं. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयमध्ये प्रत्येक व्यवहाराला असा क्रमांक असतो, म्हणून अडकलेल्या व्यवहाराचं काय झालं ते पैसे पुन्हा न पाठवता विचारता येतं.

मधल्या काळात पानाच्या आतूनच विनंत्या जायला लागल्या. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ बरोबर ती सोय आणली, रद्द करायच्या सोयीसकट. वेळेची मर्यादा घालायची सोय २००९ मध्ये आठव्या आवृत्तीत आली. रद्द करणं का महत्त्वाचं? शोधाच्या खिडकीत "पु" लिहिलं की एक विनंती जाते, "पुणे" लिहिलं की दुसरी. "पु"चं उत्तर रमतगमत मागून आलं तर ते बरोबर उत्तराच्या डोक्यावर बसतं. २०१५ मध्ये ब्राउझरांत 'फेच' नावाची नवी, देखणी पद्धत आली, पण तिला रद्द करता येत नव्हतं! पुढची दोन वर्षं वाद. एकच उत्तर दोघांनी मागितलेलं असताना एकाला नको झालं तर दुसऱ्याचं काय? जावास्क्रिप्ट भाषेतच रद्द करण्याची तरतूद करायचा प्रस्ताव डिसेंबर २०१६ मध्ये मागे घेतला गेला. शेवटी २०१७ मध्ये 'अबॉर्ट कंट्रोलर' आला. त्यात कळ एकाच्या हातात आणि दिवा बाकीच्यांना दिसेल असा. कळ ज्याच्याकडे त्यानेच रद्द करायचं, इतरांनी दिवा पाहून काम आवरायचं. मला ही वाटणी पसंत आहे.

१९८६ ची गोष्ट मात्र जुनी झालेली नाही. २० सप्टेंबर २०१५ ला ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या सेवेत अमेरिकेच्या पूर्व भागात तेच झालं. आतल्या एका यंत्रणेची उत्तरं मुदतीत येईनात, विचारणारे पुन्हा पुन्हा विचारू लागले, आणि त्या यंत्रणेवर एवढा भार आला की तिची ताकद वाढवायचीही सवड मिळेना. शेवटी तिच्याकडे जाणाऱ्या विनंत्या काही काळ थांबवाव्या लागल्या, तेव्हा कुठे तिला श्वास घेता आला.

आणि "राहू द्या, नको" म्हणण्याचं काय झालं? तो शब्द अखेर मे २०१५ च्या एचटीटीपी २ मध्ये आला. एकाच जोडणीवर अनेक विनंत्या, आणि हवी ती एकच रद्द करता येते. आठ वर्षांनी कुणीतरी त्याचंच हत्यार केलं. विनंती पाठवायची आणि लगेच रद्द करायची, पुन्हा पाठवायची, पुन्हा रद्द. मागणाऱ्याला खर्च जवळजवळ नाही, सर्व्हर मात्र प्रत्येक वेळी कामाला लागून बसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने असा हल्ला मोजला तेव्हा सेकंदाला ३९.८ कोटी विनंत्या येत होत्या. ऑक्टोबरमध्ये ही गोष्ट जाहीर झाली. तेव्हापासून सर्व्हर कोण किती वेळा "नको" म्हणतंय याचा हिशेब ठेवतात, आणि फारच झालं तर आता तेच रिसीव्हर ठेवून देतात.