पाथरी : निजामशाही कोणती, निजाम कोणता? तालुक्याच्या पाच नोंदी

सप्टेंबर आला की मुक्तीसंग्रामाचे मेसेज फिरू लागतात. त्यात कधी अहमदनगरची निजामशाही आणि हैदराबादचा निजाम एकच समजून लिहिलेलं असतं. दोन्ही घराणी वेगळी आहेत, त्यांचा काळही वेगळा आहे. पाथरीचा संबंध मात्र दोघांशीही आला. गावाविषयीच्या या पाच नोंदी जपून ठेवण्यासारख्या आहेत.

1) निजामशाहीचं मूळ घर

बहमनी राज्य मोडलं आणि दख्खनमध्ये पाच शाह्या उभ्या राहिल्या. त्यातली एक अहमदनगरची (आजचं अहिल्यानगर) निजामशाही. मलिक अहमद 1490 मध्ये स्वतंत्र झाला आणि ही शाही सुरू झाली. त्याचे वडील मलिक हसन हे बहमनी दरबारातले मोठे सरदार. त्यांना निजाम-उल-मुल्क हा किताब होता, त्यावरूनच शाहीचं नाव पडलं.

विजापूर दरबारातला इतिहासकार फरिश्ता याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या घराण्याची हकीकत लिहिली. त्याच्या सांगण्याप्रमाणे मलिक हसन हे जन्माने ब्राह्मण होते. लहानपणी विजयनगरच्या मुलखात ते बहमनी फौजेच्या हाती सापडले आणि पुढे मुसलमान झाले. वडिलांचं नाव भैरव, त्याचाच अपभ्रंश होऊन 'बहरी' हे उपनाव आलं, असंही तो सांगतो. आणि या घराण्याचे पूर्वज कुठले? तर पाथरीचे कुलकर्णी.

2) वतनासाठी लढाई

मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा गादीवर आला, तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. पूर्वजांचं गाव आपल्याकडे यावं म्हणून बुऱ्हाणने पाथरीच्या बदल्यात दुसरा परगणा देऊ केला. इमादशहाने नकार दिला. बोलणी फिसकटली आणि 1518 मध्ये निजामशाही फौजेने पाथरी घेतली. इमादशहाने ती परत मिळवली, पण 1527 मध्ये बुऱ्हाणने पुन्हा जिंकली. तिथला किल्ला पाडला आणि गाव आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिलं. म्हणजे धर्म बदलला, राज्य मिळालं, तरी वतनाची ओढ काही सुटली नाही. ही सगळी हकीकतही फरिश्त्याचीच.

निजामशाही 1636 मध्ये संपली. त्याआधीच वऱ्हाड मोगलांकडे गेलं होतं. अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यात 'सरकार पाथरी' अशी नोंद आहे. 'सरकार' म्हणजे अनेक परगण्यांचा मिळून एक विभाग, साधारण आजच्या जिल्ह्यासारखा.

3) हैदराबादचा निजाम

हे घराणं आसफजाही. त्याची सुरुवात 1724 मध्ये झाली, म्हणजे निजामशाही बुडाल्यावर 88 वर्षांनी. 'निजाम-उल-मुल्क' हा किताब दोन्हीकडे होता, नात्याचा मात्र काही संबंध नव्हता. पाथरी तालुका याच निजामाच्या परभणी जिल्ह्यात होता. 17 सप्टेंबर 1948 ला जे राज्य संपलं ते हे. पुढे 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात.

4) साईबाबा आणि पाथरी

साईबाबांनी 15 ऑक्टोबर 1918 ला, विजयादशमीच्या दिवशी, शिर्डीत देह ठेवला. त्यांचा जन्म पाथरीचा, अशी इथल्या भाविकांची श्रद्धा आहे. वि. बा. खेर यांनी 1970 च्या दशकात पाथरीत येऊन शोध घेतला, त्यानंतर या मताला बळ मिळालं आणि गावात मंदिर उभं राहिलं. दुसरीकडे हेमाडपंतांच्या 'श्री साईसच्चरिता'त बाबांच्या आई-वडिलांचा, जन्माचा कुणालाच ठाव नाही, असं म्हटलेलं आहे. जानेवारी 2020 मध्ये पाथरीच्या विकासासाठी 100 कोटींची घोषणा झाली आणि 'जन्मस्थान' या शब्दावरून शिर्डीत बंद पाळला गेला. श्रद्धा आपल्या जागी, कागदाचा पुरावा आपल्या जागी. बाबांनी स्वतः जात किंवा गाव मिरवलं नाही, एवढं दोन्हीकडचे भक्त मानतात.

5) काळी माती का फाटते?

राजे पाथरीसाठी भांडले, पण परगण्याचा वसूल यायचा तो या काळ्या मातीतून. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. तो झिजून ही माती झाली. तिच्यातला चिकणमातीचा बारीक कण पाणी पिऊन फुगतो, वाळला की आकसतो. म्हणून उन्हाळ्यात जमिनीला हातभर भेगा पडतात, घरांच्या भिंती तडकतात. हीच माती पावसाचं पाणी धरून ठेवते, म्हणून रब्बीची ज्वारी ओलीवर निघते. भेगा वाढल्या की ओल खोलवरून उडून जाते, मुळंही तुटतात. वेळेवर कोळपणी केली की भेगा बुजतात आणि ओल टिकते. जुनी माणसं कोळपणीला अर्धं पाणी म्हणतात, ते यामुळेच.

लक्षात ठेवा :
निजामशाही – अहमदनगर, 1490 ते 1636.
निजाम – हैदराबाद, 1724 ते 1948.
मेसेज पुढे पाठवण्याआधी साल बघा, घोटाळा लगेच कळेल.