उत्तरंग कशावर टेकतो?

१/ वेरूळच्या कैलास लेण्यात खांबांवर तुळया दिसतात, पण तेथे कोणी कोणावर टेकलेले नाही. खांब, तुळई, छत हे सारे एकाच कातळातून कोरलेले. दगडावर दगड रचून बांधायचे ठरले की मात्र खरा प्रश्न उभा राहतो: आडव्या दगडाची टोके कशावर आणि किती टेकवायची?

२/ त्यासाठी दौलताबादला जावे. कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळात, इ.स. १३१८ मध्ये, येथे उभारलेल्या जामी मशिदीत जुन्या मंदिरांचे खांब वापरले गेले. (आज ही वास्तू भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाते.) यादवकालीन मंदिरांच्या खांबांना माथ्यावर बाहेर झुकलेले दगडी हस्त असतात. आपण त्यांना नक्षी समजून पुढे जातो.

३/ ती नक्षी नव्हे, निदान केवळ नक्षी नव्हे. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र सोसत नाही. आणि तुळई वाकू लागली की तिच्या खालच्या अंगाला ताणच बसतो. तुळईची जाडी तीच ठेवून अंतर दुप्पट केले, तर केवळ स्वतःच्या वजनाने तिला वाकवणारा जोर चौपट होतो. हस्त हे अंतर कमी करतात. शिवाय एका खांबावर दोन तुळयांची टोके येतात. त्या दोघींना पुरेशी बैठक देणे हेही त्यांचेच काम.

४/ पण आधार जास्त म्हणजे सुरक्षितता जास्त, असेही नाही. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात एक प्रसंग सांगितला आहे. दोन टोकांवर आडवा ठेवलेला संगमरवरी स्तंभ मध्ये मोडू नये म्हणून कोणीतरी तिसरा आधार दिला. काही महिन्यांनी स्तंभ नेमका त्या मधल्या आधारावरच भंगला! टोकाचा एक आधार कुजून खचला होता, मधला मात्र तसाच ठाम होता. आधार असमान खचले, तर मदतीला दिलेला आधारच घात करतो. आजच्या विटांच्या भिंतीत लिंटेल दोन्ही बाजूंना साधारण सहा इंच आत घेतात, आणि त्या बैठकीखालचे बांधकाम पक्के असावे लागते, ते याचसाठी.

५/ मलिक अंबरने १६१२ मध्ये उभारलेल्या भडकल दरवाजात मात्र वाट निराळी आहे. एवढे रुंद प्रवेशद्वार आडव्या दगडाने झाकणे अवघड. तेथे कमान आली. कमानीत दगड एकमेकांना दाबून धरतात, ताण जवळजवळ उरत नाही. त्याबदल्यात ती दोन्ही बाजूंना बाहेर रेटा देते. भडकलपाशी उभे राहिलात, तर आधी कमानीकडे नको, तिच्या दोन्ही अंगांच्या भरीव बांधकामाकडे पाहा.